खोट्या चिठ्ठीचा रानपिंगळा

पक्ष्यांपेक्षा त्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्यांचं मला जास्त वेड आहे. संग्रहालयाच्या खणात ठेवलेल्या, कापूस भरलेल्या कातड्याला मोल येतं ते त्या बोटभर कागदामुळे. कोणी, कुठे, केव्हा, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. पण त्यातलं 'कुठे' खोटं निघालं की काय होतं, हे पाहायचं तर रानपिंगळ्याची गोष्ट घ्यावी.

या घुबडाची जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी होती. पहिलं ब्लेविट या अधिकाऱ्यानं १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या बसन्याजवळ मिळवलं. पुढच्याच वर्षी ह्यूमनं आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकातून ब्लेविटच्याच नावानं हा पक्षी जगापुढे आणला. (काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूम तो हाच. त्याची पक्ष्यांवरची हस्तलिखितं नोकरानं रद्दीत विकली, म्हणून त्यानं हा छंदच सोडला.) दुसरं कातडं भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉलचं. मग येतो माझा आवडता माणूस, जेम्स डेव्हिडसन.

डेव्हिडसन मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्याची लांबलचक यादी 'स्ट्रे फेदर्स'मध्ये छापून आली. शहादा-तळोद्याच्या रानात त्यानं १८८०च्या दशकात रानपिंगळे टिपले. त्यातला शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर पक्षी दिसेनासाच झाला. डेव्हिडसनचं नाव आज पक्षीनिरीक्षकांनाही फारसं ठाऊक नाही. नाव झालं ते रिचर्ड मेनर्ट्झहागेनचं.

मेनर्ट्झहागेन लष्करातला कर्नल, गप्पिष्ट, दबदब्याचा. सुमारे वीस हजार कातडी त्यानं ब्रिटिश म्युझियमला दान केली. त्याच म्युझियमनं नमुने परस्पर उचलल्याबद्दल पूर्वी त्याला पक्षीविभागात दीड वर्ष यायची बंदी केली होती, हे मात्र दान घेताना कोणी फारसं आठवलं नाही. त्याच्या संग्रहातही एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं: तापीकाठचं मांडवी, गुजरात, १९१४.

ॲलन नॉक्स या संशोधकानं १९९३ मध्ये मेनर्ट्झहागेनच्या लबाडीवर सविस्तर लिहिलं आणि पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्याची भारतीय कातडी तपासायला घेतली. प्रत्येक संग्राहकाची कापूस भरण्याची, टाके घालण्याची आपली पद्धत असते. मांडवीच्या घुबडावर नव्या कामाखाली जुनं काम दिसत होतं, आणि ते डेव्हिडसनच्या हातचं होतं. त्यानं टिपलेला एक पक्षी म्युझियममधून चोरून, उसवून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी बांधलेली! अमेरिकेच्या एफबीआयच्या प्रयोगशाळेचीही या तपासात मदत झाली. १९९९ मध्ये रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सगळं 'आयबिस' या पक्षीशास्त्राच्या नियतकालिकात छापलं.

चोरी एका कातड्याची, पण फसला नकाशा. एक खोटी जागा आणि एक खोटं साल धरून पक्ष्याचा मुलूख पश्चिमेला ताणला गेला, आणि तो १९१४ पर्यंत नक्की होता असंही ठरलं. सलीम अली आणि रिप्ले यांच्यासारख्या पक्षीतज्ज्ञांनी शोधूनही रानपिंगळा हाती लागला नव्हता. रासमुसेन यांनी मांडवीवर काट मारली आणि बेन किंग, डेव्हिड अॅबट यांच्यासह फक्त खऱ्या चिठ्ठ्यांची गावं धरली. पूर्वेकडे काही मिळालं नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी निष्पर्ण झाडावर घुबड बसलेलं दिसलं: माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर रुंद तपकिरी पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. तब्बल ११३ वर्षांनी, आणि तेही डेव्हिडसनच्याच मुलखात.

निष्पर्ण झाड हा इथे योगायोग नव्हे. रानपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. उघड्या फांदीवर बसून शेपटी हलवत तो खालच्या सरड्यांवर नजर ठेवतो. पानगळीचं, विरळ सागाचं रान त्याला मानवतं. वीण साधारण ऑक्टोबर ते मे, म्हणजे पानं झडून जमीन दिसू लागते तेव्हाची. घरटं जुन्या झाडाच्या ढोलीत. ढोली तो स्वतः कोरत नाही. रान मोडून शेत झालं की तिथे साधा पिंगळा येतो, हा हटतो. म्हणूनच 'घनदाट जंगल वाढवा' हा सरसकट उपाय या पक्ष्याच्या कामाचा नाही. त्याला वठलेली, पोकळ, लाकूडतोड्यांच्या हिशेबी टाकाऊ झाडं उभी हवीत. आपल्या रोपवनांच्या आराखड्यात वठलेल्या झाडाला रकानाच नसतो.

मेळघाटात रानपिंगळा टिकला तो वाघाच्या पुण्याईनं, व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेत आयताच आला म्हणून. शहादा-तळोद्याच्या राखीव वनाला ते भाग्य नाही. तिथल्या अतिक्रमणाचा दोष पावरा-भिल्लांच्या माथी मारणं सोपं आहे. पण खानदेशचा साग कंत्राटांवर तोडण्याची सुरुवात त्यांनी केली नव्हती.

हे सगळं कोरड्या रानाचं गणित नीट बसलं असं वाटत असतानाच २०१४ मध्ये रानपिंगळा थेट तानसा अभयारण्यात, सह्याद्रीच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात सापडला. तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं, कारण आमच्या मते तिथे तो असायचं कारण नव्हतं. डांगातल्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. म्हणजे गुजरातेत तो खरोखरच आहे, मेनर्ट्झहागेननं न पाहताच! २०१८ मध्ये त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाला. संख्या वाढली म्हणून नव्हे, तर शोधणाऱ्यांनी मधली रानं पालथी घातली म्हणून. खानदेश आणि तानसा यांच्या मधल्या पट्ट्यातली बरीचशी रानं अभयारण्यांबाहेर आहेत, आणि पुढचं सर्वेक्षण व्हायला हवं ते तिथे.