कॉफी मशीनची नळी आणि बाबांचं व्हर्निअर

सिटी सेंटरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी दोन वास येतात, आईच्या चहातल्या आल्याचा आणि माझ्या कॉफीचा. घरून काम करायला लागले तेव्हा मी एस्प्रेसो मशीन घेतलं. बाबा त्याला ‘तुझं इंजिन’ म्हणतात. वॉरंटी संपून दोन महिने झाले नाहीत तोच इंजिनाखाली पाण्याचं तळं दिसायला लागलं.

प्लग काढून झाकण उघडलं. दोष एवढासाच होता. पंपाकडून येणारी पांढरी बारीक नळी बॉयलरला जिथे जोडलेली असते, तिथला एल्बो चिरला होता. एका दुकानात हुबेहूब तसाच एल्बो मिळाला. नळी ४ मिलिमीटरची, याचं भोकही ४ चं. आटेही जुळले. त्यावर १० बार लिहिलं होतं आणि एस्प्रेसोला ९ बार दाब लागतो हे मला ठाऊक होतं. मी खुशीत तो बसवला.

चार दिवस सगळं छान चाललं. पाचव्या दिवशी ‘फट्’ असा आवाज झाला, मशीनच्या फटींतून वाफ आली आणि घरातली वीज गेली. नळी सुटून उकळतं पाणी आत उडालं होतं. आई दोन हातांवर चहा गाळत उभी होती. झाकण लावलेलं होतं म्हणून निभावलं.

बाबांनी तो एल्बो हातात घेतला. सिथौलीच्या रेल स्प्रिंग कारखान्यात त्यांची नोकरी झाली. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “अगं, हा वाऱ्यासाठी आहे. कॉम्प्रेसरच्या हवेसाठी. माप बसलं म्हणजे काम बसलं असं नाही.”

तेव्हा कळलं, १० बार हा आकडा साध्या तापमानाच्या हवेसाठी होता. अशी फिटिंग साधारण ६० अंशांपर्यंतच वापरायची असतात. बॉयलरच्या तोंडाशी ९० च्या वर तापतं आणि वाफ काढताना १२० च्याही पुढे. दाबाचंही तसंच. घरच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो, इथे ९. शिवाय बहुतेक घरगुती मशीनचा पंप १५ बारपर्यंत ढकलू शकतो. कॉफी फार बारीक दळली गेली की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडेपर्यंत दाब वाढतो, आणि तो सगळा त्या जोडावर येतो.

म्हणून आता फिटिंग घेण्याआधी मी पहिला प्रश्न विचारते, या नळीतून काय जातं? मशीनमध्ये नळ्या तीन प्रकारच्या असतात. टाकीपासून पंपापर्यंतचं पाणी थंड आणि बिनदाबाचं. तिथे खाद्यपदार्थांसाठीची मऊ सिलिकॉन नळी आणि साधी क्लिप पुरते. पंपाच्या पुढे मात्र दाब सुरू होतो. तिथे बहुधा टेफ्लॉनची कडक नळी असते, बाहेरून ४ आणि आतून २ मिलिमीटर. सिलिकॉन तापमान सोसतं, पण त्या दाबाने फुगून फाटतं. तिसरी नळी वाफेची. पुढच्या या दोन्ही ठिकाणी स्टेनलेस स्टीलचं किंवा पिण्याच्या पाण्याला चालणारं पितळेचं फिटिंग हवं. जुन्या प्रकारच्या स्वस्त पितळेत शिसं असतं, ते आपल्या कपात नको. आरओच्या पांढऱ्या फिटिंगचा मोह तर नकोच. त्याची नळी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची, आणि ते थंड पाण्यासाठीच बनवलेलं असतं.

दुसरा प्रश्न आट्यांचा. बाबांनी व्हर्निअर लावलं तेव्हा बाहेरचा व्यास आला ९.७ मिलिमीटर. हे म्हणे ‘१/८ इंची’! इंचाचा आठवा भाग म्हणजे जेमतेम ३.२ मिलिमीटर. गंमत अशी की पाइपच्या आट्यांचं नाव जुन्या पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलेलं आहे, बाहेरच्या मापावरून नाही. ब्रिटिश १/८ ला इंचात २८ आटे असतात, अमेरिकन १/८ ला २७. १० मिलिमीटरचा मेट्रिक आटाही दिसायला तसाच. चुकीचं फिटिंग दोन-तीन फेरे आरामात फिरतं आणि मग अडतं. तिथे पान्याने जोर लावला तर बॉयलरचे आटे जातात, आणि बॉयलर एल्बोसारखा पन्नास-शंभर रुपयांत येत नाही.

तिसरा प्रश्न, पाणी अडवतं कोण? सरळ आट्यांवर हे काम वायसर किंवा ओ-रिंग करते. निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लागते. टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर तिची चिंधी आत जाऊन व्हॉल्व्ह अडवते. ओ-रिंग गरम पाण्याच्या जागी सिलिकॉनची किंवा ईपीडीएमची घ्यावी. नेहमीची काळी नायट्राइलची तिथे लवकर कडक होते.

जुना तुकडा, नळीचा नमुना आणि मापांची चिठ्ठी घेऊन आम्ही बापलेक लष्करात लोहिया बाजारात गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, “गरम पानी है या ठंडा?” बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. स्टीलचं कॉम्प्रेशन फिटिंग मिळालं. यात नट आवळला की आतली छोटी कडी नळीला घट्ट धरते.

बसवताना नळीचं दाबलेलं टोक धारदार ब्लेडने काटकोनात कापलं. कात्रीने नळी चपटी होते. नट हाताने घट्ट करून पान्याने जेमतेम अर्धा फेरा. मग आधी थंड पाण्यावर चालवून, प्लग काढून, जोडाभोवती टिश्यू पेपर फिरवला. कोरडा निघाला, तेव्हाच झाकण लावून गरम केलं.

तुमचं मशीन वॉरंटीत असेल तर उघडूच नका. उघडायचं असेल तर प्लग काढा, ते पूर्ण गार होऊ द्या आणि वाफेची कळ उघडून दाब सोडा. वायरिंग ओलं झालं असेल तर सरळ मेकॅनिक गाठा. आम्हीही तेवढ्यासाठी बोलावला होता.

तो हवेचा एल्बो आईने टाकू दिला नाही. चहाच्या डब्याशेजारी वाटीत ठेवलाय. मशीन चालू केलं की ती आधी तिकडे बघते, मग माझ्याकडे, आणि चहाचं पातेलं घेऊन दोन पावलं लांब सरकते.