समतेचा कायदा, व्यापाराच्या दाराने

अमेरिकी राज्यघटनेच्या १४व्या दुरुस्तीने १८६८ साली सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले. पण १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ही दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी हॉटेलमालकांना नाही. म्हणून खासगी हॉटेलांतही वंशभेदाला बंदी घालणारा १९६४चा नागरी हक्क कायदा करताना अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकाराचा आधार घेतला. बर्मिंगहॅमच्या ‘ऑलीज बार्बेक्यू’त कृष्णवर्णीयांना बसून जेवता येत नसे, पदार्थ फक्त बांधून मिळत. मालकाने कायद्याला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तिथली खरेदी तपासली: वर्षाला सुमारे ७०,००० डॉलरचे मांस मूळचे परराज्यातले! डिसेंबर १९६४ मध्ये मालक हरला, निकाल एकमताचा. युक्तिवाद चतुर खरा. पण माणसाच्या प्रतिष्ठेचा निवाडा मांसाच्या हिशेबावर व्हावा, हे विचित्रच. न्यायमूर्ती डग्लस यांनीही १४व्या दुरुस्तीचाच आधार अधिक पसंत असल्याचे स्वतंत्रपणे नोंदवले.