थेट कार्यक्रमाची तालीम

माझगावहून आम्ही बोलतोय, भाऊच्या धक्क्याजवळच्या बचत गटातल्या बायका. आज सांगायचंय ते टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमाच्या तालमीबद्दल. थेट म्हणजे आपण बोलतो त्याच क्षणी घरोघरी दिसतं, मागाहून कापाकापी नाही.

आमचा काय संबंध, असं म्हणू नका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हापासून 'आमची माती आमची माणसं'सारख्या कार्यक्रमांतून शेतकरी पडद्यावर येत राहिले. सह्याद्रीवरच्या 'हॅलो सखी'त बायका घरून फोन करून प्रश्न विचारू लागल्या. आता बऱ्याच वाहिन्या बचत गटांना बोलावतात. आज आमची पाळी आली, उद्या तुमची येईल.

आम्हाला एका वाहिनीने कोलंबीचं लोणचं दाखवायला बोलावलं. वेळ सहा मिनिटं. डीप फ्रीजरचे हप्ते डोक्यावर होते. लोकांपर्यंत आमचा फोन नंबर नीट पोचला तर ऑर्डरी येणार होत्या. चुकलं तर 'पुन्हा घेऊ या' म्हणायची सोय नव्हती.

मग आम्ही काय केलं? भाषण लिहिलं आणि सगळ्यांकडून पाठ करून घेतलं! शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं. आठवडा त्यात गेला. स्टुडिओत पोचल्यावर कळलं की पाठांतराला तिथे कुणी विचारत नाही. तिथे आधी पाय कुठे ठेवायचे ते ठरतं.

पहिली तालीम कॅमेऱ्याशिवाय झाली. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या. मावशी इथे, बरणी तिथे, निवेदिका मध्ये. कॅमेरा आणि दिवे त्या खुणेवर आधीच रोखलेले असतात. बरणी हातभर बाजूला ठेवली तर प्रेक्षकाला रिकामं टेबल दिसतं. पूर्वी बीबीसीची नाटकं थेट दाखवायचे, तेव्हा नट मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये अशाच पट्ट्या लावून तालीम करायची म्हणे. आपल्याला बालवाडीची खोली आणि खडू पुरेल.

दुसरी तालीम कॅमेऱ्यासकट. दिग्दर्शिका बाई आमच्यासमोर नव्हत्याच. त्या वेगळ्या खोलीत, प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या पडद्यांसमोर बसतात. त्यांचा आवाज कॅमेरावाल्यांच्या आणि फ्लोअर मॅनेजरच्या कानात जातो. आपल्याशी बोलतो तो फ्लोअर मॅनेजर, तोही हातांनी. एक बोट म्हणजे एक मिनिट उरलं, बोट गोल फिरवलं की आवरतं घ्या. आम्ही आधी त्याच्याचकडे बघून बोलायला लागलो. बघायचं निवेदिकेकडे, तो नुसता डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला पाहिजे. याची सवय तीन-चार फेऱ्यांनी होते, त्याआधी नाही.

कोलंबी सहा मिनिटांत शिजून, मुरून लोणचं होत नाही हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून चार भांडी मांडली. साफ केलेली कोलंबी, हळद-मीठ लावून पाणी आटवलेली, मसाल्यात घोळलेली आणि शेवटी बरणी. कुणी कुठलं कधी उचलायचं, याचीच तालीम सगळ्यात जास्त झाली. हातातल्या काचेच्या बांगड्यांचा माइकवर केवढा आवाज होतो, तेही तिथेच कळलं.

आता मावशीची गोष्ट. आमच्यातली सगळ्यात वयस्कर, लिहिता-वाचता न येणारी. तालमीत निवेदिकेने विचारलं, पाणी किती आटवायचं? मावशी म्हणाली, "कढईतला आवाज बदलला की बास." सगळा स्टुडिओ हसला, आणि खुश झाला. कॅमेऱ्यासाठी तोच प्रश्न पुन्हा विचारला तर मावशीने आमचं पाठ केलेलं म्हटलं, "साधारण बारा मिनिटे." मेलेलं उत्तर. दिग्दर्शिका बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आता उत्तर राखून ठेवा मावशी, नुसती कढई उचलून दाखवा. त्यानंतर तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. आमच्या मते हीच खरी हुशारी. हात-पाय दहा वेळा घोटायचे, बोलणं एकदाच चाखून झाकून ठेवायचं.

शेवटची ती रंगीत तालीम. साड्या नेसून, घड्याळ लावून, मध्ये न थांबता. शेजारच्या खोलीतून आमच्यातल्याच एकीने प्रेक्षक म्हणून फोन केला. ती मुद्दाम लांबण लावत होती. तेव्हा ठरलं की फोन लांबला तर मसाल्याचं भांडं गाळायचं आणि थेट बरणी उचलायची. काय सोडायचं ते आधी ठरवलेलं असावं, ऐनवेळी सुचत नाही.

एकीला आम्ही मुद्दाम कामातून मोकळं ठेवलं होतं. ती कोपऱ्यातल्या टीव्हीकडे बघत उभी होती. आमचा नंबर पडद्यावर आला आणि ती ओरडली. दोन आकडे उलटसुलट झाले होते! लिहिणाऱ्याने लगेच दुरुस्त केले. तालीम झाली नसती तर आमच्या ऑर्डरी कुणा भलत्याच्याच घरी वाजल्या असत्या.

प्रत्यक्ष कार्यक्रमात फोन लांबलाच. एक बोट दिसलं, आम्ही मसाला सोडला, बरणी खुणेवर ठेवली. कढईच्या प्रश्नाला मावशीने या वेळी आवाजच काढून दाखवला, आधी चुरचुर, मग तडतड. तालमीत हे नव्हतं.

घरी पोचायच्या आत फोन वाजला. डॉकयार्ड रोडच्या चाळीतून, आमच्यापासून दहा मिनिटांवर. दोन बरण्या हव्या होत्या.