रामनगरची रामलीला : रामायणी, व्यास आणि नट

वाराणसीहून गंगेपलीकडे रामनगर आहे. काशीनरेशांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आलेली तिथली रामलीला भाद्रपदातल्या अनंत चतुर्दशीच्या सुमारास सुरू होते आणि 31 दिवस चालते. तिच्या संगीताचा कर्ता म्हणून कोणा एकाचे नाव सांगता येत नाही. ते अनेकांनी वाटून घेतलेले काम आहे.

या नाटकाची मूळ संहिता म्हणजे तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’. त्यातले अवधी दोहे-चौपाया नट म्हणत नाहीत. ते काम बारा रामायणींचे. मृदंग आणि झांजेच्या साथीने, ‘नारदवाणी’ या खास ढंगात ते कथा गातात. नटांच्या तोंडी असतात ते हिंदी संवाद. महाराजा ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्या काळात ते नव्याने घडवले गेले. त्या कामात काष्ठजिह्वा स्वामी, रीवाँचे रघुराज सिंह आणि भारतेंदु हरिश्चंद्र यांचा हात होता.

गाणे आणि बोलणे यांचा सांधा जुळवतो तो व्यास. रामायणींचा दोहा संपला की हातात पोथी घेतलेला व्यास ‘चुप रहो, सावधान!’ अशी हाळी देतो. हजारोंचा जमाव गप्प होतो आणि नट संवाद म्हणतो. तो संपताच झांज पुन्हा वाजू लागते. रामायणींचे गाणे पुरे होईपर्यंत नटाला थांबावेच लागते. म्हणून प्रसंगाची लय गाण्याच्या हातात राहते.

इथे ध्वनिवर्धक वापरत नाहीत. उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचावा म्हणून नट अक्षरे लांबवत, चढ्या सुरात बोलतात. राम, सीता आणि रामाचे तिघे भाऊ यांच्या भूमिका लहान मुलगे करतात. त्यांना ‘स्वरूप’ म्हणतात. त्यांची निवड करताना आवाजही पारखला जातो आणि व्यास त्यांच्याकडून आधी कित्येक दिवस संवाद घोटून घेतो.

कोकणातल्या दशावतारात नट बरेचसे संवाद आयत्या वेळी रचतो. रामनगरात शब्द ठरलेले असतात. कौशल्य लागते ते एकमेकांची वेळ सांभाळण्याचे. प्रेक्षकही त्यात सामील असतात. अनेकजण मानसची प्रत उघडून ओळीमागून ओळ वाचतात आणि रामायणींच्या सुरात सूर मिळवतात. दिवसाची लीला आरतीने संपते.

2008 मध्ये युनेस्कोने रामलीलेच्या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हा वारसा एकट्या पोथीत मावणारा नाही. पोथीत शब्द सापडतात. कुठे थांबायचे, सूर किती लांबवायचा, हे नव्या माणसाला जाणत्यांच्या शेजारी बसूनच उमगते.