चेकसमची सक्ती आणि राउटरची गती

इंटरनेटवरील यंत्रांनी माहितीची देवाणघेवाण कोणत्या रीतीने करावी हे ठरवणाऱ्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात, आणि इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स ही संस्था त्यांपैकी बहुतेक नियम आरएफसी या नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांतून प्रसिद्ध करते. पण हे नियम पाळायला यंत्रांना वेळ फार थोडा मिळतो. सेकंदाला १०० गिगाबिट वाहून नेणाऱ्या इथरनेट जोडणीवर सर्वांत लहान पॅकेटे, म्हणजे माहितीचे तुकडे, सलग आली, तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे १४.८८ कोटी भरते. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला सात नॅनोसेकंदही येत नाहीत. त्यामुळे मोठ्या राउटरमध्ये, म्हणजे पॅकेटे पुढच्या टप्प्याकडे धाडणाऱ्या यंत्रांत, ती पुढे पाठवण्याचे काम त्यासाठीच घडवलेल्या चिपकडे असते. ही चिप बहुधा पॅकेटचा पुढचा भाग, म्हणजे पत्ते व सूचना असलेले हेडर, तेवढाच वाचते आणि उरलेला मजकूर मेमरीत तसाच पडून राहतो.

या रचनेशी आयपीव्ही६ या नव्या इंटरनेट प्रोटोकॉलचा एक नियम जुळेना. जुन्या आयपीव्ही४ मध्ये हेडरला स्वतःचा चेकसम असतो, म्हणजे वाटेत काही बिघडले का हे ताडून पाहण्यासाठी केलेली बेरीज. आणि हेडरमधील एक आकडा प्रत्येक राउटरवर घटत असल्याने ही बेरीजही दर टप्प्यावर बदलावी लागते. राउटरचा भार हलका व्हावा म्हणून आयपीव्ही६ ने ती वगळली खरी, परंतु पत्त्यातील बिघाड पकडण्याची जबाबदारी मग वरच्या थरातील यूडीपी या प्रोटोकॉलवर आली, आणि आयपीव्ही४ वर ऐच्छिक असलेला त्याचा चेकसम आयपीव्ही६ वर, १९९८ च्या आरएफसी २४६० नुसारही, सक्तीचा ठरला. राउटरला एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घेतली गेली, असेच म्हणावे लागेल. कारण हा चेकसम काढायचा संपूर्ण मजकुरावरून आणि लिहायचा मात्र पॅकेटच्या आरंभी. पाठवणाऱ्या संगणकाला त्याची अडचण नसते, पण टनेलिंगमध्ये, म्हणजे एक पॅकेट दुसऱ्याच्या पोटात घालून पाठवताना, बाहेरचे यूडीपी हेडर राउटरच चढवतो, आणि मजकूर न वाचणाऱ्या चिपला ही बेरीज करता येत नाही.

२०१३ च्या आरएफसी ६९३५ व ६९३६ यांनी टनेलिंगपुरती शून्य चेकसमची, म्हणजे बेरीज न करता तिच्या जागी शून्य लिहिण्याची, मुभा दिली. मात्र पत्ता बिघडलेले पॅकेट भलत्याच यंत्राच्या हाती पडू शकते हा धोका त्यांनी सविस्तर मांडला, आणि ज्या पोर्टसाठी, म्हणजे यंत्रावरील ज्या क्रमांकित दारासाठी, मुद्दाम परवानगी दिली असेल तेथेच शून्य स्वीकारावे, अशी अटही घातली. आतील पॅकेटला बहुधा स्वतःचा चेकसम असतो, हा या सवलतीचा मुख्य आधार होय.

आयपीव्ही६ च्या अशाच दुसऱ्या एका नियमाबाबत, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर तपासायच्या सूचना असलेल्या, मूळ हेडरला जोडल्या जाणाऱ्या विस्तार-हेडरबाबत, इतका नेमकेपणा दिसत नाही. आरएफसी २४६० नुसार वाटेतील प्रत्येक राउटरने या सूचना पाहणे बंधनकारक होते. पण चिपला न पेलणारी अशी पॅकेटे राउटरच्या सामान्य प्रोसेसरकडे जात, आणि त्यांचा मारा करून तो प्रोसेसर जेरीस आणणे सोपे असल्याने अनेक राउटर ती टाकून देत किंवा सूचनांकडे दुर्लक्ष करीत. पाठवणाऱ्याला आपले पॅकेट कुठे आणि का गडप झाले याचा पत्ताही लागत नसे. २०१७ च्या आरएफसी ८२०० ने, राउटरला तसे सांगून ठेवले असेल तरच तो या सूचना तपासेल, असे मान्य केले, तोवर त्या सूचनांवर विसंबून काही उभारण्याची उमेद बहुतेकांनी सोडलेली होती.