माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्ड भंगारात देताय? आधी हे वाचा

तासगाव असो की पलूस, दिवाळीआधी घर आवरायला काढलं की माळ्यावरून पितळी भांडी, बंद पडलेला रेडिओ आणि कधीतरी कागदी पाकिटातल्या काळ्या तबकड्या खाली येतात. पितळेला किलोवर भाव मिळतो. तबकड्यांना वजनावर किंमत नाही, म्हणून त्या फुकटात जातात.

इंग्लंडमध्ये लोक अशा वस्तू धर्मादाय दुकानांना देतात आणि सोल संगीताचे शौकीन तिथे जाऊन रेकॉर्ड हुडकतात. आपल्याकडे हे काम भंगारवाला, पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार करतात.

आपल्या भागात काय सापडू शकतं?

बालगंधर्व पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. पलुसकर घराण्याचं आडनावच पलूसवरून आलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. या सगळ्या परिसरात नाटकाचं आणि गाण्याचं वेड जुनं आहे. त्यामुळे नाट्यपदांच्या रेकॉर्ड घरात असणं नवल नाही.

कोणती रेकॉर्ड कशी ओळखायची?

जड, जाड आणि काचेसारखी फुटणारी असेल तर ती ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. ती बनवताना लाख वापरली जायची. १० इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची, म्हणून मैफलीत तासभर रंगणारा राग गायकाला तेवढ्यात आटपावा लागे. भारतात असं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, आणि त्यातल्या सुरुवातीच्या गायकांत गौहर जान होत्या. हलकी आणि थोडी वाकणारी असेल तर ती व्हिनाइलची. ३३ फेऱ्यांची एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आली.

विकत घेताना काय बघायचं?

रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा. बारीक ओरखडे चालतात, पण नखाला लागणारा ओरखडा असेल तर सुई तिथे अडकणार. कडेपासून आत गेलेली चीर दिसली तर घेऊ नका. लेबलवर गायकाचं नाव आणि क्रमांक वाचा. लेबल फाटलं असेल तर त्याच्या भोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक बघा, त्यावरून ध्वनिमुद्रण ओळखता येतं.

या चुका टाळा

लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावू नका, पोलादी सुई तिच्या खाचा खरवडून काढते. ७८ ची खाच रुंद असते, त्यामुळे तिला वेगळी सुई लागते. रेकॉर्ड आडव्या रचू नका, उभ्या ठेवा आणि उन्हापासून लांब ठेवा.

मग एवढा खटाटोप कशाला?

कारण प्रत्येक जुनं गाणं इंटरनेटवर आलेलं नाही. एखाद्या कमी गाजलेल्या गायकाचा आवाज तुमच्या माळ्यावरच्या तबकडीतच उरला असेल. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. गीत आणि चालीचे हक्क वेगळे मोजले जातात. तो प्रश्न गाणं इंटरनेटवर टाकताना येईल, त्याआधी तबकडी शाबूत राहायला हवी.

म्हणून पुढच्या वेळी माळा उतरवाल तेव्हा आधी लेबलं वाचा, त्यांचे फोटो काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवा. ती रेकॉर्ड कुणी आणली आणि कधी वाजायची, हे लेबलवर लिहिलेलं नसतं. ते फक्त त्यांनाच ठाऊक असतं.