गाडीची निरवानिरव

पूर्वीं कोणी काशीयात्रेस निघाला म्हणजे निघण्यापूर्वीं चार-आठ दिवस घरांत निरवानिरव चाले. देवांची पूजा कोणीं करावयाची, गाईचें दूध कोणीं काढावयाचें, कोठीच्या खोलीची किल्ली कोणाकडे राहावयाची, हें सर्व एकेकास सांगून-सोंपवून मगच मनुष्य उंबरठा ओलांडी. आतां काशीची जागा बोस्टन, न्यू जर्सी किंवा सिडनी यांनीं घेतली आहे. नागपुरांतील पुष्कळ कुटुंबांतील वडील माणसें उन्हाळा तापूं लागला कीं मुला-मुलींकडे जातात व दिवाळीच्या सुमारास परत येतात. तुळशीला पाणी कोणीं घालावयाचें, याची व्यवस्था तीं आजहि न विसरतां करतात. दारांतली मोटार मात्र एक कापड पांघरून देवाच्या भरंवशावर सोडली जाते. वस्तु लोखंडाची, तिला काय तहान लागते कीं भूक, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महाग पडते, हें मीं स्वतः अनुभवलें आहे; म्हणून हा लेख.

२०२३ सालच्या एप्रिलमध्यें आम्ही उभयतां मुलीकडे बोस्टनला गेलों. गाडी आमच्या इमारतीच्या तळघरांत उभी होती. धाकटे बंधु महालांत जुन्या घरीं राहतात. किल्ली त्यांच्याकडे द्यावी, असें आमच्या मंडळींनीं सुचविलें होतें. परंतु आदल्या वर्षीं त्यांच्या मुलानें गाडी नेली असतां दाराला एक ओरखडा आला होता आणि तो माझ्या मनांतून गेला नव्हता. मीं गाडीची किल्ली कपाटांत ठेवली व कपाटाची किल्ली बरोबर घेतली. विम्याची मुदत ऑगस्टांत संपत होती. गाडी जागची हलणारच नाहीं तर विमा कशाला, असा हिशेब करून तोहि सोडून दिला.

२२ सप्टेंबरची रात्र महालक्ष्म्यांच्या पूजनाची. त्या रात्रीं नागपुरावर अतोनात पाऊस कोसळला. २३ तारखेच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडूं लागला, नाग नदीनें पात्र सोडलें, आणि अंबाझरी लेआउट, धरमपेठ, सीताबर्डी या भागांतील घरांत व तळघरांत पाणी शिरलें. माणसें दगावलीं, हजारों संसार भिजले. बोस्टनला तेव्हां आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. चौकीदारानें बंधूंना उठविलें व बंधूंनीं मला फोन केला. "दादा, गाडीची किल्ली कोठें आहे?" एवढेंच त्यांनीं विचारलें. जें उत्तर मला द्यावें लागलें, तें मी अजून विसरलों नाहीं. शेजाऱ्यांच्या गाड्या पाणी येण्यापूर्वीं वर रस्त्यावर निघाल्या होत्या. आमची तेवढी खालीं राहिली आणि पुढें भंगारांत गेली.

तेव्हांपासून मीं या विषयाची जी माहिती गोळा केली, जाणत्या मेकॅनिकांना विचारलें व पुढील खेपेस स्वतः करून पाहिलें, तें येथें देतों.

पहिला प्रश्न गाडी कशी बंद करावी हा नव्हेच. ती बंद करावी कीं चालती ठेवावी, हा आहे. यंत्राला विश्रांति मानवत नाहीं. घरांत किंवा जवळच्या नात्यांत गाडी चालविणारें विश्वासू माणूस असेल, तर दर आठवड्याला तिला बाहेर काढणें हीच सर्वांत उत्तम साठवण होय. परंतु येथें एक चूक सर्रास घडते. दर रविवारीं फाटकापाशीं गाडी सुरू करून पांच मिनिटें घरघरवली व बंद केली, म्हणजे कर्तव्य झालें असें पुष्कळांना वाटतें. वास्तविक यानें लाभापेक्षां हानि अधिक होते. इंजिन पुरतें तापत नाहीं. जळणाऱ्या इंधनाची वाफ धुराच्या नळींत व तेलांत पाणी होऊन राहते. आणि सुरू करतांना बॅटरींतून जी शक्ति जाते ती पांच मिनिटांत भरून येत नाहीं. गाडी काढावयाची तर निदान अर्धा तास चांगली धांववावी. वर्धा रस्त्यानें बुटीबोरीपर्यंत जाऊन परत आलें म्हणजे इंजिन, ब्रेक, टायर व बॅटरी या सर्वांचेंच भलें होतें. एवढें कोणाकडून होण्यासारखें नसेल, तर मात्र ती रीतसर बंदच करावी.

एप्रिलांत झांकलेली गाडी दिवाळीपर्यंत तीन ऋतूंतून जाते आणि प्रत्येक ऋतूचा मार निराळा असतो. नागपूरचा वैशाख आपण जाणतोंच. पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. हें ऊन पहिल्यानें बॅटरीला मारतें. मोटार बंद असली तरी तिच्यांतील घड्याळ, चोरघंटा इत्यादि उपकरणें थोडी थोडी वीज ओढीत असतात. ५० मिलिअँपियर एवढाच हा झिरपा धरला तरी दिवसाला १.२ अँपियर-तास होतात, आणि ४५ अँपियर-तासांची बॅटरी सुमारें ३७ दिवसांत कोरडी पडते. त्याखेरीज बॅटरी आपल्या आपणहि उतरत असते व उष्णतेनें ही क्रिया जलद होते. उतरलेल्या स्थितींत ती राहिली म्हणजे तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर गंधकयुक्त क्षाराचे कठीण थर बसतात आणि मग कितीहि भरली तरी ती पूर्वींसारखी होत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं ती पूर्ण भरून घ्यावी व तिची तार सोडवावी. सोडवितांना ऋण टोकाची तार आधीं काढावी व जोडतांना ती शेवटीं जोडावी. मोटारीचा सारा सांगाडा ऋण टोकाशीं जोडलेला असतो. धन टोक आधीं सोडूं गेल्यास पाना सांगाड्याला टेकून ठिणगी पडते. तार सोडविण्यापूर्वीं सर्व कांचा वर कराव्या, आणि विजेवर चालणारीं कुलुपें मागाहून चालणार नाहींत हें ध्यानांत ठेवून दार साध्या किल्लीनें उघडतें ना, तें पाहावें. हल्लीं बॅटरी हळूहळू भरीत राहणारीं लहान यंत्रें मिळतात. परंतु घरांत कोणी नसतां तीं चालू ठेवून जाऊं नये.

उन्हाचा दुसरा मार रबरावर बसतो. टायरांतील हवा महिन्याला साधारणतः एक-दोन पौंडांनीं आपोआप कमी होते. पांच-सहा महिन्यांत टायर बसतो, आणि गाडीचा भार एकाच जागीं पडून तेथें सपाट चकता होतो. म्हणून जातांना हवा नेहमींपेक्षां तीन-चार पौंड अधिक भरावी. मात्र टायरवर छापलेली मर्यादा ओलांडूं नये. दर महिन्याला कोणी गाडी हातभर पुढें ढकलील तर उत्तमच. वायपरचें रबर उन्हानें कांचेला चिकटतें. तेथें कापडाची घडी घालून ठेवावी. गाडी निंबाखालीं किंवा गुलमोहराखालीं उभी करण्याचा मोह टाळावा. सांवली मिळते खरी, पण पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक यांनीं रंग खाल्ला जातो, आणि पालापाचोळा पुढील कांचेखालच्या पन्हळींत सांचून पावसाचें पाणी आंत उतरतें.

वर्षाऋतूचा शत्रु ओल. गाडी निघण्यापूर्वीं आंतून-बाहेरून, विशेषतः खालून, धुवून दोन दिवस वाळूं द्यावी. चिखल ओल धरून ठेवतो व पत्र्याला गंज चढवितो. तिच्यावर प्लॅस्टिकचें आच्छादन कदापि घालूं नये. त्याच्याखालीं वाफ कोंडते व गाडी आपल्याच घामांत भिजते. हवा खेळती राहील असें जाड कापड बरें. आंतील पायपुसणीं काढून घरांत ठेवावीं, आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या बैठकीवर ठेवाव्या.

हातब्रेक ओढून ठेवूं नये, ही सूचना पुष्कळांना नवी वाटेल. ब्रेकचे पट्टे ओलसर हवेंत महिनोगणती दाबून राहिले म्हणजे गंजानें चाकाला चिकटतात. गाडी सपाट जागीं पहिल्या गियरमध्यें, आणि स्वयंचलित गियर असल्यास त्याच्या उभी करण्याच्या स्थितींत, ठेवावी. शिवाय चाकांना पुढून-मागून विटा लावाव्या.

इंधनाविषयीं आतां विशेष दक्षता पाहिजे. आपल्या पेट्रोलमध्यें शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतें. ओल फार झाली म्हणजे इथेनॉल व पाणी मिळून टांकीच्या तळाशीं वेगळें बसतें, आणि इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. टांकी अर्धी रिकामी असेल तर तितकी ओलसर हवा आंत नांदते. म्हणून ती भरून ठेवावी, पण पंपाची तोटी आपोआप थांबते त्यापलीकडे नव्हे. उन्हानें पेट्रोल फुगतें, त्याला जागा हवी. पेट्रोल टिकविणारें औषध मिळतें. तें घातल्यावर गाडी पांच-सात मैल चालवावी, म्हणजे तें टांकींतून इंजिनापर्यंत पोंचतें. तेल जुनें झालें असेल तर परत आल्यावर नव्हे, जाण्यापूर्वींच बदलावें. वापरलेल्या तेलांत आम्लांश व ओल असते, आणि तीं सहा महिने इंजिनाच्या भागांशीं लागून राहणें इष्ट नाहीं. ज्यांची मोटार विजेवर चालते त्यांनीं मोठी बॅटरी पूर्ण भरूं नये व रिकामीहि सोडूं नये. सुमारें अर्धी भरलेली बरी. अशा गाडींतहि बहुधा निराळी लहान बॅटरी असते, तिचा विसर पडूं नये.

पावसाळा सरतांना उंदरांची पाळी येते. त्यांना इंजिनाचा कोनाडा ऊबदार वाटतो आणि तारांवरचें वेष्टन खाण्यास बरें लागतें. गाडींत मुलांनीं सांडलेल्या बिस्किटाचा चुराहि ठेवूं नये. धुराची नळी व हवेची वाट बारीक जाळीनें बंद करावी. मात्र जेथें जेथें कांहीं कोंबलें असेल त्याची यादी सुकाणूच्या चाकाला बांधावी, नाहींतर परत आल्यावर आपणच तें विसरून गाडी सुरू करूं. डांबराच्या गोळ्यांवर भिस्त ठेवूं नये. त्यांनीं उंदीर नेमाने पळत नाहींत आणि बंद गाडींत त्यांचा वास माणसालाच बाधतो.

आतां कागदपत्रें. रस्त्यावर आणावयाच्या गाडीला त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा कायद्यानें सक्तीचा आहे. परंतु पूर, आग व चोरी यांपासून आपल्या गाडीचें रक्षण करणारा विमा निराळा असतो, आणि उभ्या गाडीला गरज असते ती त्याचीच. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत विमा पुन्हां न उतरविल्यास आजवर मिळालेली हप्त्यांतील सूटहि जाते. स्मरणपत्रें बहुधा आपल्या येथील फोनवर येतात व तो परदेशीं बंद असतो. म्हणून जाण्यापूर्वींच विमा उतरवावा.

तळघरांत गाडी ठेवावी लागत असेल, तर पावसाळ्यापुरती तरी उंचावर जागा पाहावी. आणि हें एक कधींहि विसरूं नये: तळघरांत पाणी भरूं लागल्यावर गाडीसाठीं कोणीहि खालीं उतरूं नये. बुडालेली गाडी ओसरल्यावर सुरू करून पाहूं नये. इंजिनांत पाणी असल्यास तें दाबलें जात नाहीं, आणि आंतील दांडे मोडतात. ती ओढूनच न्यावी.

परत आल्यावर घाई नको. आधीं झांकण उघडून घरटें, कुरतडलेल्या तारा पाहाव्या. कोंबलेलें सर्व काढावें. तेल, पाणी, हवा तपासावी. मग बॅटरी जोडावी. पहिल्या दहा-वीस पावलांत ब्रेकची कुरकुर ऐकूं येते. तो वरवरचा गंज होय, सावकाश चालवितांना तो झडतो. कुरकुर थांबली नाहीं तर मेकॅनिकास दाखवावें.

हें सारें मीं यथासांग लिहिलें, तरी यांतील कोणतीहि गोष्ट त्या पहाटे माझी गाडी वांचवूं शकली नसती. ती एका किल्लीनेंच वांचली असती. निरवानिरव या शब्दाचा खरा अर्थ वस्तु कुलुपांत घालणें हा नव्हे. ती कोणाच्या तरी हातीं सोंपविणें हा आहे. एकत्र कुटुंबाची मोठी सोय म्हणतात ती हीच, आणि ती आपण क्षुल्लक कारणासाठीं गमावून बसतों.

पुढील खेपेस निघण्यापूर्वीं मीं नव्या गाडीची किल्ली बंधूंच्या हातीं दिली. पुतण्याजवळ परवाना आहे, हें पाहून त्याला गाडी वापरण्याची परवानगी लिहून दिली व एक वही दिली. दर रविवारीं तो आपल्या आजीला घेऊन वर्धा रस्त्यानें जाई, आणि तारीख, अंतर व टायरची हवा वहींत मांडी. दसऱ्याला त्यानें गाडीला झेंडूचा हार घातला. त्याचें छायाचित्र आम्हांस बोस्टनला पोंचलें. दिवाळीच्या आधीं आम्ही परतलों तेव्हां गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. डाव्या दारावर एक बारीकसा नवा ओरखडा होता. मीं तो पाहिला. विचारलें मात्र कांहीं नाहीं.